आगबोट सुटण्यापूर्वींचे तीन दिवस

उन्हाळ्याच्या सुटींत मुलाबाळांसह समुद्रपर्यटनास जाण्याची चाल आतां आपल्या घरांतूनही रुळूं लागली आहे. पूर्वीं काशीयात्रेचा बेत जसा चार-चार महिने आधीं ओटीवर बसून ठरे, तसाच आतां बोटीचा बेत ठरतो. फरक एवढाच कीं, काशीस जाणाऱ्याला काशींत काय करावयाचें तें पक्कें ठाऊक असे. बोटीवर जाणाऱ्याला बोटीवर काय खावयास मिळेल तें ठाऊक असतें. परंतु ज्या शहरांतून ती बोट सुटते त्या शहराचा त्यानें बहुधा विचारच केलेला नसतो. अस्मादिकांनीं ही चूक एकदां पुरती केलेली आहे, आणि सहा वर्षांनीं ती जमेल तितकी दुरुस्तही केली आहे. दोन्ही वेळां शहर एकच होतें, व्हेनिस. माणसेंही बहुतेक तींच होतीं. म्हणून हा अनुभव वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

पहिली खेप २०१८ सालच्या जुलै महिन्यांतली. आमची बोट निराळ्याच बंदरांतून सुटली होती आणि वाटेंत एक दिवस व्हेनिसला थांबणार होती. त्या काळीं प्रचंड आगबोटी अगदीं शहराच्या उंबरठ्यावरून, ज्युदेक्का नांवाच्या रुंद कालव्यांतून जात असत. आम्ही वरच्या मजल्याच्या कठड्याशीं उभे होतों आणि खालीं कौलारू घरें, घुमट व मनोरे सावकाश मागें सरकत होते. दृश्य विलक्षण होतें यांत शंका नाहीं. पण एक गोष्ट मनाला खटकली. देवळाच्या शिखराकडे माणूस खालून वर पाहतो. येथें आम्ही शिखरांकडे वरून खालीं पाहत होतों. कांठावरचीं कांहीं माणसें मान वर करून आमच्याकडे पाहत होतीं, आणि त्यांच्या मुद्रेवर कौतुक मुळींच दिसत नव्हतें.

बोटीवरून उतरून शहरांत पाय ठेवीपर्यंत साडेदहा झाले. चार वाजतां परत फिरावयाचें होतें. आमच्याबरोबर थोरल्या वहिनी होत्या. वय एकाहत्तर, गुडघे संधिवातानें धरलेले. व्हेनिसमध्यें मोटार नाहीं, रिक्षा नाहीं, सायकलदेखील नाहीं. शंभराहून अधिक बेटें चारशेंच्या आसपास पुलांनीं जोडलेलीं आहेत आणि त्यांतील बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, ही माहिती आमच्यापैकीं कोणीही आधीं वाचलेली नव्हती. अरुंद गल्ल्यांतून माणसांचा लोंढा सेंट मार्कच्या चौकाकडे चालला होता, त्यानें आम्हांलाही वाहून नेलें. देवळापुढची रांग पाहूनच धीर सुटला. ऊन डोक्यावर आलें होतें. वहिनी दमून एका पायरीवर टेकल्या, तों एका रखवालदारानें येऊन, येथें बसण्याची मनाई आहे, असें नम्रपणें परंतु ठामपणें सांगितलें. तो नियमच होता. त्याच्यावर राग धरण्याचें कारण नाहीं. शेवटीं एका उपाहारगृहांत जागेच्या भाड्यासारखी किंमत मोजून आम्ही कॉफी घेतली आणि परत फिरलों.

रात्रीं बोटीवर जेवतांना वहिनींनीं मला विचारलें, "भाऊजी, तें व्हेनिस नेमकें कोणत्या बाजूला होतें हो?"

त्या थट्टेनें बोलल्या नव्हत्या. सगळे हसले, मला मात्र हसूं आलें नाहीं.

पुढें साथीचीं वर्षें गेलीं. २०२३ च्या हिवाळ्यांत वहिनींच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रियेचा विषय निघाला, आणि त्यांनीं ती करून घेण्यास साफ नकार दिला. आणखी दोन वर्षांनीं त्या जिना चढूं शकतील असें कोणालाच वाटत नव्हतें. तेव्हां आमच्या चिरंजिवांनीं आणि सूनबाईंनीं पुन्हा एकदां बोटीचा बेत काढला, आणि या वेळीं त्याची आखणी माझ्याकडे सोंपविली. चाळीस वर्षें शाळेचें वेळापत्रक लावलेल्या माणसाला हें काम आवडलें नसतें तरच नवल!

वेळापत्रक मांडतांना पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, व्हेनिसची गर्दी ही स्थळाची नसून वेळेची आहे. बोटींतून उतरणारे आणि आगगाडीनें किंवा मोटारीनें एका दिवसापुरते येणारे, असे मिळून ती होते. दुसऱ्या वर्गाची संख्या पहिल्याहून पुष्कळच मोठी असते. हे दोघेही नऊ-दहाच्या सुमारास येतात आणि संध्याकाळीं निघून जातात. खुद्द तेथील नगरपालिकेनेंच हें ओळखलें आहे. २५ एप्रिल २०२४ पासून तिनें दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पांच युरोंचा प्रवेशकर बसविला. त्या वर्षीं तो एकोणतीस निवडक दिवशीं होता, पुढच्या वर्षीं चौपन्न दिवशीं झाला आणि आयत्या वेळीं भरणाऱ्यास दहा युरो पडूं लागले. कराची वेळ सकाळीं साडेआठ ते दुपारीं चार. म्हणजे गर्दीचे तास कोणते, हें सरकारी शिक्क्यानिशीं आपणांस सांगितलेलें आहे! चोविसांतून साडेसात तास वजा केले कीं साडेसोळा तास उरतात. ते सगळे शहरांत रात्रीं झोंपणाऱ्याचे. नगरपालिकेच्या हद्दींत मुक्काम करणाऱ्यावर हा कर नाहीं. मात्र आधीं नोंद करून तसें सूटपत्र जवळ बाळगावें लागतें.

आषाढीला पंढरपुरास जाणारा वारकरी गर्दी टाळण्याची भाषा करीत नाहीं, कारण ती गर्दी हीच त्याची वारी असते. व्हेनिसच्या गर्दीला तसें कांहींच पुण्य नाहीं. तेथें तासांची निवड करण्यांत संकोच बाळगूं नये.

महिन्याचा प्रश्न आपल्यापुरता दैवानेंच सोडविलेला आहे. युरोपांतील शाळा बहुतेक जून-जुलैपासून सुटतात; आपल्या महाराष्ट्रांतील मुलांची सुटी एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत असते. तेव्हां मे महिन्यांत आपलीं मुलें मोकळीं असतात आणि त्यांचीं वर्गांत असतात. हवाही तेव्हां सुखाची असते. जुलै-ऑगस्टमध्यें भोंवतालच्या उथळ खाडीवरून दमट उकाडा उठतो आणि डांसही फार होतात. त्यांतही जुलैचा तिसरा शनिवार-रविवार मुद्दाम तपासावा. १५७५ ते १५७७ च्या भयंकर प्लेगांतून शहर सुटलें, त्याच्या स्मरणार्थ तेव्हां रेदेन्तोरेचा उत्सव होतो. शनिवारीं रात्रीं दारूकाम पाहण्यास अवघा प्रांत लोटतो. उत्सव पाहावयाचा असेल तर जरूर जावें, शांतता पाहिजे असेल तर जाऊं नये. १५ ऑगस्टच्या आसपास सारी इटलीच सुटीवर निघते. आम्ही मेच्या उत्तरार्धांतला मंगळवार ते शुक्रवार निवडला, म्हणजे शनिवार-रविवार आपोआपच टळले.

शहर बोटीच्या आधीं पाहावें कीं नंतर, यावर घरांत बराच खल झाला. सौ.चें म्हणणें, बोटीवर आठ दिवस विश्रांति घेऊन मग शहर पाहावें. मला तें पटलें नाहीं. विमान चुकलें, सामान मागें राहिलें, तर बोट कोणासाठीं थांबत नाहीं; सुटण्यापूर्वीं तास-दीड तास आधींच वर चढणें बंद होतें. शहरांत आधीं तीन दिवस असले म्हणजे त्यांतला एखादा दिवस विमानानें खाल्ला तरी बोट हातची जात नाहीं. शिवाय परतीच्या दिवशीं सर्वांचें चित्त घराकडे लागलेलें असतें.

आतां एक फसगत सांगतों, कारण तिच्यांत आम्ही पडतां पडतां वांचलों. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारनें पंचवीस हजार टनांवरील आगबोटींस ज्युदेक्काच्या कालव्यांतून व सेंट मार्कच्या समोरच्या पाण्यांतून जाण्यास बंदी केली. आदल्याच दशकांत तेथें या बोटींविरुद्ध मोठी चळवळ झाली होती, आणि २ जून २०१९ रोजीं एक अजस्त्र बोट ताबा सुटून धक्क्यावर व एका लहान प्रवासी नौकेवर आदळली होती. बंदी योग्यच झाली. परंतु तेव्हांपासून "व्हेनिस" असें जाहिरातींत छापलेल्या बोटी प्रत्यक्षांत कोठून सुटतील याचा नेम राहिला नाहीं. कांहीं समोरच्या भूभागावरील मार्घेराच्या कारखानदारी बंदरांतून सुटतात, कांहीं कियोज्ज्याहून, तर कांहीं थेट त्रिएस्त किंवा रावेन्ना येथून. हीं शेवटचीं दोन गांवें व्हेनिसपासून मोटारीनें दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहेत. आमच्या पत्रकावर गोंडोल्याचें चित्र होतें, आणि मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत रावेन्ना! चिरंजिवांनीं तें वेळींच वाचलें म्हणून बरें. पत्रक देणाऱ्या मंडळींस विचारलें तेव्हां, "तें जवळच आहे," असें उत्तर मिळालें. आम्ही ती बोट सोडून मार्घेराहून सुटणारी दुसरी घेतली. पैसे भरण्यापूर्वीं धक्क्याचें नांव लेखी मागून घ्यावें.

परवान्याचीही अशीच गोष्ट. इटली, ग्रीस आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया हे देश शेंगेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाच परवान्याखालीं येतात; परंतु माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान येत नाहींत. बोट मध्येंच कोटोरला किंवा तुर्की बंदराला लागून पुन्हा इटलींत येणार असेल, तर एकदांच प्रवेश देणारा परवाना उपयोगी पडत नाहीं, अनेक प्रवेशांचाच मागावा लागतो.

बिऱ्हाडाविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण सारी किल्ली त्यांत आहे. समोरच्या भूभागावर मेस्त्रे म्हणून गांव आहे. तेथें खोल्या स्वस्त मिळतात आणि आगगाडीनें दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला पोंचतां येतें. पुष्कळजण तेथें उतरतात. परंतु मेस्त्रेहून येणारा माणूस नऊ वाजतां सर्वांबरोबर येतो आणि थकला म्हणजे दुपारीं आडवें व्हावयास त्याला घर नसतें. आम्ही जास्त पैसे देऊन शहराच्या उत्तरेकडील कान्नारेज्यो भागांत घर घेतलें आणि घरमालकाला एकच प्रश्न विचारला: बोटीच्या थांब्यापासून आपल्या दारापर्यंत पूल किती? "एकही नाहीं," असें ज्यानें लिहून कळविलें त्याचें घर ठरलें. कोणता मजला, पाळणा आहे कीं नाहीं, हें त्यानंतर विचारलें. वडील माणसें बरोबर असणाऱ्यांनीं प्रश्नांचा हाच क्रम ठेवावा असें मी आग्रहानें सांगेन.

तेथें रहदारीची जी सार्वजनिक नौका असते तिला व्हापोरेत्तो म्हणतात. २०२४ मध्यें पंचाहत्तर मिनिटांचें साधें तिकीट साडेनऊ युरोंना पडे. उलट बहात्तर तासांचें तिकीट पंचेचाळीस युरोंना मिळे. तीन दिवस राहणाऱ्यानें दुसरेंच काढावें, मग पायांना त्रास देण्याचें कारण उरत नाहीं. एक क्रमांकाची नौका मोठ्या कालव्यांतून प्रत्येक थांबा घेत सावकाश जाते. गोंडोल्याची सरकारी हौस अर्ध्या तासास नव्वद युरो. आम्ही ती केली नाहीं. मोठ्या कालव्यावर कांहीं ठिकाणीं या तीरावरून त्या तीरावर माणसें पोंचविणारी साधी गोंडोला असते, तिचे दोन युरो घेतात. नातवंडांची हौस तेवढ्यांत फिटली.

दिवसाची वाटणी आम्हीं अशी केली: पहांटे साडेपांचपासून दहापर्यंत बाहेर, मग घरीं वरणभात आणि वामकुक्षी, पांचनंतर पुन्हा बाहेर, अंधार पडेपर्यंत, आणि मेमध्यें तेथें अंधार नऊशिवाय पडत नाहीं. युरोपांत जाऊन दुपारीं झोंपावयाचें, याचा सूनबाईंना प्रथम विषाद वाटला. दुसऱ्या दिवशीं त्याच सर्वांच्या आधीं आडव्या झाल्या.

जें पाहण्यास दिवसाच जावें लागतें त्याचें पहिल्या तासाचें तिकीट आधीं काढून ठेवलें. डोजचा, म्हणजे तेथील लोकसत्ताक राज्याच्या प्रमुखाचा, वाडा नऊला उघडतो. तेव्हां आम्ही दारांत होतों. सेंट मार्कच्या देवळांत खांदे व गुडघे झांकलेले लागतात आणि मोठ्या पिशव्या आंत नेऊं देत नाहींत. नऊवारी नेसलेल्या वहिनींना अर्थातच कोणी हटकलें नाहीं, चिरंजिवांना मात्र आखूड विजार बदलण्यास घरीं परतावें लागलें. चौकांतील मोठ्या मनोऱ्यावर चढण्यासाठीं रांग लागते. हा मनोरा १४ जुलै १९०२ रोजीं कोसळला होता आणि १९१२ मध्यें जसाचा तसा त्याच जागीं पुन्हा उभारला गेला. आम्ही त्याच्या वाटेस न जातां पाण्यापलीकडल्या सान जोर्जो बेटावर गेलों. तेथील देवळाच्या मनोऱ्यावरही पाळणा आहे, रांग फारशी नाहीं, आणि तेथून मोठा मनोराही दृश्यांत येतो. मोठ्या मनोऱ्यावर उभें राहिलें तर तोच तेवढा दिसत नाहीं!

दुपारच्या भर गर्दींत एकदांच बाहेर पडलों, तें गर्दीकडे पाठ करून. उत्तरेकडील धक्क्यावरून बुरानोच्या नौकेनें पाऊण तास आणि पुढें थोडेंसें, असें तोर्चेल्लो बेट आहे. व्हेनिस उदयास येण्यापूर्वीं हजारों वस्ती असलेलें तें नगर होतें. खाडी गाळानें भरत गेली, हिंवताप पसरला, माणसें उठून गेलीं. आतां तेथें मोजकींच घरें, एक सपाट पाऊलवाट आणि सातव्या शतकांत स्थापिलेलें एक देऊळ आहे; आंतल्या भिंतीवर रंगीत तुकड्यांनीं जडविलेला अंतिम न्यायाचा विराट देखावा आहे. पाऊलवाटेच्या कडेच्या बांकावर वहिनी तासभर बसल्या. येऊन कोणी उठविलें नाहीं.

जेवणाचें थोडक्यांत: शहर दर्यावर्द्यांचें, त्यामुळें शाकाहारी म्हणून दिलेल्या भाताच्या पदार्थांतही मासळीचें किंवा मांसाचें पाणी असूं शकतें. विचारून घ्यावें. रियाल्तोच्या पुलाजवळ सकाळीं भाजीबाजार भरतो, रविवारीं तो बंद असतो. तेथें ताज्या भाज्या, फळें उत्तम मिळतात. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचें कारण नाहीं. तेथील चौकांना, सेंट मार्कचा सोडून, 'काम्पो' म्हणजे शेत किंवा माळ असें म्हणतात. एके काळीं तेथें खरोखरच गवत होतें. संध्याकाळीं अशाच एका काम्पोंत आमचीं नातवंडें तेथल्या मुलांबरोबर चेंडू खेळलीं. दोन्ही पक्षांना एकमेकांची भाषा येत नव्हती. भांडण मात्र व्यवस्थित झालें.

तीं मुलें पाहून बरें वाटलें, कारण तीं आतां थोडीं उरलीं आहेत. रियाल्तोजवळ एका औषधांच्या दुकानाच्या खिडकींत २००८ पासून एक आंकडा झळकत असतो. तो जुन्या शहरांत राहणाऱ्या माणसांचा. १९५१ मध्यें ही वस्ती पावणेदोन लाखांच्या घरांत होती; २०२२ मध्यें ती पन्नास हजारांच्या खालीं आली. घरें प्रवाशांना भाड्यानें देणें अधिक किफायतीचें झालें, तेव्हां राहणारे मेस्त्रेला निघून गेले. आम्हींही तसलेंच एक घर घेतलें होतें, हें येथें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गर्दी टाळण्याच्या युक्त्या सांगणारा मी स्वतः सात माणसांची गर्दी घेऊन गेलों होतों. आम्ही त्यांतल्या त्यांत एवढेंच केलें कीं गल्लींतून उजव्या बाजूनें एकामागें एक चाललों, पुलाच्या माथ्यावर छायाचित्रासाठीं थांबलों नाहीं, पाठीवरच्या पिशव्या नौकेंत शिरतांना हातांत घेतल्या, आणि धाकट्या नातवानें खिशांत आणलेले कबुतरांचे दाणे त्याच्याकडून काढून घेतले. २००८ पासून तेथें कबुतरांना दाणे टाकण्यास मनाई आहे. पुण्यकर्मालाही दंड होतो, हें त्याला समजावतांना माझी बरीच तारांबळ उडाली.

एका संध्याकाळीं समुद्राकडे तोंड करून बसलों असतां मीं मुलांना सांगितलें कीं, १९३० नंतरच्या दशकांत लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून सुवेझमार्गें याच पाण्यांत येत. तेव्हां आपल्याकडील माणूस व्हेनिसला पोंचे तो विलायतेच्या वाटेवरचा प्रवासी म्हणून, पेटी-वळकटी घेऊन. थोरल्या नातवानें विचारलें, "मग ते किती दिवस राहत, आजोबा?" त्यांतले पुष्कळसे बहुधा पुढच्या गाडीचीच वाट पाहत असतील, असें मीं म्हटलें.

शुक्रवारीं दुपारीं बोट होती. त्या पहांटे घरांतलीं इतर माणसें सामान बांधीत होतीं. वहिनी आणि मी दोघेंच निघालों. थांबा दाराशींच. एक क्रमांकाच्या नौकेंत कामावर निघालेलीं चार-सहा माणसें होतीं. पुढच्या उघड्या भागांत वहिनींना जागा मिळाली. मोठ्या कालव्याचें पाणी अगदीं निवांत होतें. वाड्यांच्या भिंती त्यांत उलट्या उभ्या होत्या. रियाल्तोच्या पुलाखालून जातांना भाजीनें भरलेली एक होडी शेजारून गेली, वल्हेकऱ्यानें वहिनींच्या नऊवारीकडे पाहून सहज हात वर केला, आणि वहिनींनीं दोन्ही हात जोडले. पुढें वळणावर साल्यूतेचा घुमट उजाडत्या आभाळावर दिसूं लागला, तेव्हां त्यांचें सकाळचें स्तोत्र अर्धवट राहिल्याचें माझ्या लक्षांत आलें.

सेंट मार्कचा थांबा आला. आम्ही तेथें उतरून परतीची नौका धरावयाची, असें माझ्या वेळापत्रकांत होतें. वहिनी उठल्या नाहींत.

"भाऊजी, ही आणखी पुढें जाते का हो?"

ती पुढें लीदोपर्यंत जात होती, आणि तिकिटाचे अजून तीन तास शिल्लक होते. मी पुन्हा खालीं बसलों.